वडिलांना सोरायसिस आहे, मग मला होईलच का, आणि झाला तर तितकाच तीव्र होईल का?

आपल्या प्रश्नाचे थेट उत्तर असे, की धोका वाढतो. पण आजार होईलच असे मुळीच नाही. एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासांतही, जनुके अगदी सारखी असूनही, एकाला सोरायसिस आणि दुसऱ्याची त्वचा स्वच्छ अशा जोड्या आढळतात.

सर्वांत बलवान जनुकीय घटक सहाव्या गुणसूत्रावर आहे. एचएलए-सी०६:०२ हे त्याचे नाव असून, तो असणाऱ्यांमध्ये आजार बहुधा चाळिशीच्या आत सुरू होतो आणि घशाच्या स्ट्रेप्टोकोकल (एका प्रकारच्या जिवाणूंच्या) संसर्गानंतर अंगभर थेंबांसारखे लाल चट्टे उठण्याचा प्रकारही त्यांच्यातच अधिक दिसतो. त्याखेरीज आयएल-२३आर, आयएल-१२बी यांसारख्या अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. सीएआरडी-१४ मधील दुर्मीळ बदलाने मात्र काही कुटुंबांत आजार पिढ्यान्‌पिढ्या चालतो.

तीव्रतेचा अंदाज जनुकांवरून बांधणे, माझ्या मते, आज तरी फारसे उपयोगाचे नाही. लठ्ठपणा, धूम्रपान, मद्यपान आणि लिथियम (मनोविकारांवरचे) किंवा बीटा-ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावरची) यांसारखी औषधे यांचा प्रभाव मोठा असतो, त्यामुळे जनुकीय चाचणीवर पैसे घालवू नयेत. (जाहिराती काहीही सांगोत.)

त्यापेक्षा वडिलांची नखे उजेडात नीट पाहावीत. त्यांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील आणि सकाळी बोटे बराच वेळ आखडत असतील, तर सांध्यांच्या सोरायसिसची शक्यता असते, म्हणून त्यांना संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवावे.