रस्ता पायी ओलांडणाऱ्यांचे प्रश्न

गणपतीसाठी चाकरमानी येण्याचे दिवस जवळ आले की वाचकांकडून तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहे.

पायी जाताना रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे? (कणकवली)

पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे.

महामार्ग चौपदरी झाल्यापासून आमच्या वाडीसमोर तिघांचा बळी गेला. गावातील वडीलधारे म्हणतात, ज्याची वेळ भरली तो गेला. तरुणांना गतिरोधक हवा आहे. काय करावे? (संगमेश्वर तालुका)

ज्या घरातले माणूस गेले त्या घराचे सांत्वन करताना ‘वेळ भरली’ असे म्हणणे मी समजू शकतो. परंतु तेच वाक्य ग्रामसभेत उच्चारले गेले की चौकशीच संपते. एकाच जागी तीन माणसे मरतात तेव्हा दोष त्यांच्या नशिबात नसून त्या जागेत शोधला पाहिजे. एका बाजूला घरे, दुसऱ्या बाजूला शेते, शाळा आणि एसटीचा थांबा असताना लोक पिढ्यान्‌पिढ्या जेथून ये-जा करत आले तेथेच रस्ता ओलांडणार, एक किलोमीटरचा वळसा घालणार नाहीत, हे आराखडा करणाऱ्याला आधीच कळायला हवे होते. त्याला लोकांची बेशिस्त म्हणणे मला मान्य नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या मोटारीची धडक बसलेला प्रौढ माणूस मरण्याची शक्यता 20 टक्क्यांहून कमी असते. वेग 80 झाला की ती 60 टक्क्यांच्या आसपास जाते. वेग किती असावा, हे माणसेच ठरवतात. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली, त्यांत पायी चालणारे 32 हजारांहून अधिक होते, आणि आपण ते पचवून पुढे गेलो. आपल्याकडे मृत्यूनंतर रास्ता रोको होतो, आश्वासन मिळते, आणि तेरावे उरकले की विषय मिटतो.

राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक सहसा मंजूर होत नाही, आणि गावकऱ्यांनी स्वतः माती-दगडांचा उंचवटा केला तर रात्री दुचाकीस्वार मरतात. ते करू नये. भुयारी मार्ग किंवा उतार असलेला पादचारी पूल, आणि तोवर दिवे व वेगमर्यादेची अंमलबजावणी मागावी. जीव वाचलेल्या धडकांसह प्रत्येक अपघाताची जागा व वेळ ठरावात लिहून तो महामार्ग कार्यालयाला आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावा, पोच घ्यावी. नेमका उपाय जागेची पाहणी केलेल्या अभियंत्याच्या सल्ल्यानेच ठरवावा. हे सारे चौथ्या मृत्यूच्या आधी व्हायला हवे.

दुचाकीला जादा एलईडी दिवे लावल्यास पादचारी लांबून दिसतात, असे दुकानदार सांगतो. खरे आहे का? (दापोली)

दुकानदाराला दिवे विकायचे आहेत. त्या झोताने समोरच्या चालकाचे डोळे दिपतात, आणि दोन झोतांच्या मध्ये असलेला, पावसात काळी छत्री घेतलेला माणूस त्याला मुळीच दिसत नाही. घेऊ नका, आधीच बसवले असतील तर परिवहन कार्यालयात विचारा. चालणाऱ्याने विजेरी बाळगावी, छत्रीला चकाकणारी पट्टी लावावी.

भावाला उडवून वाहन पळाले, ते सापडले नाही. भरपाई हवी तर निम्मा वाटा द्या, असे एक एजंट म्हणतो. (चिपळूण)

एकही रुपया देऊ नका. 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेनुसार अशा अपघातात मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास 50 हजार रुपये मिळतात. दाव्याची चौकशी प्रांत किंवा तहसीलदार करतात. वाहन सापडले तर दावा न्यायाधिकरणात जातो आणि कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा वकिलाकडे याच आठवड्यात जा.

जखमीला मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतात, असे ऐकले आहे. (सावंतवाडी)

ऐकीव आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते. 108 लावा.

तिठ्यावर रिक्षाचा धक्का लागून पडलो. जखम नाही, पण दोन दिवस डोके दुखते आणि मळमळते. (कुडाळ)

मला पत्र लिहिण्यात हे दोन दिवस घालवायला नको होते. डोक्याच्या आतली दुखापत वरून दिसत नाही. आजच, कोणाला तरी सोबत घेऊन, रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवू नका.