रस्त्याची बातमी छापली आणि एक कोटीची नोटीस आली

प्रश्न : वकीलसाहेब, नमस्कार. आमचं तालुक्याच्या गावी छोटं साप्ताहिक आहे. नगरपरिषदेच्या एका रस्त्याचं बिल पूर्ण निघालं आणि काम अर्धंच झालंय, अशी बातमी आम्ही माहिती अधिकारात कागद काढून छापली. हेडिंग दिलं ‘ठेकेदाराने रस्ता खाल्ला’. आता त्याने एक कोटीच्या अब्रूनुकसानीची नोटीस पाठवलीय, वर जेलमध्ये टाकू असंही लिहिलंय. पत्रकाराला घटनेने स्वातंत्र्य दिलंय ना, मग कोर्ट असल्या केसेस घेतंच कसं?
– एक संपादक, मराठवाडा

उत्तर : आधी त्या एक कोटीचं टेन्शन सोडा. नोटिशीत आकडा लिहायला पैसे पडत नाहीत, दावा लावायचा तर कोर्ट फी भरावी लागते, त्यामुळे अशा बऱ्याच नोटिसा नोटिशीवरच संपतात.

पण स्वातंत्र्याचं म्हणाल तर घटनेत पत्रकारासाठी वेगळं कलमच नाहीये, 19(1)(अ) हे भाषणस्वातंत्र्याचं कलम जे मला लागू तेच तुम्हाला आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही. 2016 साली सुब्रमण्यम स्वामींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने बदनामी हा फौजदारी गुन्हाच राहील असं सांगितलं, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. माझ्या मते हे चुकलंच, अब्रूची भरपाई पैशात मागा की, जेल कशाला? असो. पोलीस यात थेट एफआयआर घेत नाहीत, ठेकेदाराला स्वतः मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद द्यावी लागेल.

मग कोर्ट बघतं काय? छापायच्या आधी तुम्ही काय काय तपासलं ते. ‘लोकमत’चे संपादक जवाहरलाल दर्डांची केस बघा, त्यांच्या पेपरात 1984 साली विधानसभेतल्या चर्चेची बातमी आली, सिंचनाच्या कामातल्या पैशांच्या अफरातफरीबद्दल, त्यात ज्यांची नावं आली त्यातल्या एकाने फिर्याद केली. 1998 ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की सभागृहात जे झालं तेच खरं मानून सद्भावनेने छापलंय, बदनामीचा हेतू दिसत नाही. तुमच्याकडे तसाच आधार आहे, नगरपरिषदेची एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका. त्यात खडीकरण पूर्ण लिहिलंय आणि जागेवर नुसता मुरूम आहे, हे तारखेसह फोटोत दिसलं तर तुमची बाजू भक्कम. 1994 च्या ऑटो शंकर प्रकरणात, म्हणजे फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र छापू पाहणाऱ्या तमिळ नियतकालिक ‘नक्कीरन’च्या केसमध्ये, सरकारी दप्तरातल्या कागदांवरून लिहायला कोर्टाने मोकळीक दिलीय. त्याच निकालात अधिकाऱ्यांच्या सरकारी कामावर लिहिण्याला जास्तीचं संरक्षणही आहे, पण ठेकेदार अधिकारी नाही, त्यामुळे त्यावर फार विसंबू नका.

आता तुमची खरी अडचण, हेडिंग. ‘बिल पूर्ण, रस्ता अर्धा’ हे एमबी आणि फोटो दाखवून सिद्ध होतं. ‘खाल्ला’ म्हटलं की पैसे त्याच्या खिशात गेले हे तुम्हाला दाखवावं लागेल, आणि ते एमबीत लिहिलेलं नसतं! दिवाणी दाव्यात बातमी खरी ठरली की विषय संपला, फौजदारीत मात्र खरी असून वर ती लोकांच्या हिताची होती हेही दाखवावं लागतं. तुमच्याकडे हित आहेच, रस्ता लोकांच्या पैशाचा आहे.

आणि चूक सापडली तर दुरुस्ती लगेच छापायची. 2008 मध्ये टाइम्स नाऊने पीएफ घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायमूर्तींच्या नावासोबत न्या. पी. बी. सावंतांचा फोटो जेमतेम 15 सेकंद दाखवला, सावंत म्हणजे प्रेस कौन्सिलचे माजी अध्यक्ष. पुण्याच्या कोर्टाने 2011 ला 100 कोटी द्यायला सांगितले, स्थगिती हवी तर हायकोर्ट म्हणालं 20 कोटी भरा आणि 80 ची बँक गॅरंटी द्या. आकडा मला अतिच वाटतो, पण माफी मागायला चॅनलने वेळ लावला हे त्यांना नडलंच.

पुढची बातमी थांबवायला ठेकेदार कोर्टाकडे मनाई हुकूम मागेल. 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खटला चालायच्या आधीच लेखावर बंदी सहजासहजी द्यायची नाही, तुमच्या वकिलांना तो निकाल जोडायला सांगा. नोटिशीला मुदतीत उत्तर द्या, त्यात ठेकेदाराची बाजू छापायला तयार आहोत हे लिहा, आणि एमबीची सही-शिक्क्याची नक्कल कोणाला देऊ नका, झेरॉक्स द्या.