वायफाय कार्ड आणि लिनक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जांबोटीच्या घरात मोबाईलला रेंज जेमतेम. जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. बाकी सगळं चालतं, पण वायफायचं नावच दिसत नाही. ‘बी४३ फर्मवेअर टाका’ असं कुणी सांगितलं, तेही टाकून झालं. ‘एलएसपीसीआय -एनएन’ (मशीनमधली कार्डं दाखवणारी कमांड) मारल्यावर ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२, १४ई४:४३६५ असं येतं.
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : तो १४ई४:४३६५ आकडा, म्हणजे कार्डाची ओळख, कळवलात, म्हणून नेमकं सांगता येतं. लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं निघतात.

ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) चालतो; फर्मवेअर हा प्रोग्रॅम कार्डाच्या स्वतःच्या चिपवर. बहुतेक कार्डांत मशीन सुरू होताना ड्रायव्हर फर्मवेअरची फाइल कार्डात भरतो. तुमच्या कार्डाला मात्र वेगळी फाइल लागतच नाही. बी४३ ड्रायव्हर हे कार्ड चालवत नाही, त्यामुळे त्याचं फर्मवेअर कितीदाही टाका, फरक पडणार नाही. इथे ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ ड्रायव्हर हवा. पॅकेजचं नाव ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’.

हा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर, तुमच्या कर्नलसाठी कंपाइल होतो. म्हणजे कर्नल हेडर्स (कंपाइल करताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली), जीसीसी आणि मेक ही कंपाइलची साधनं, आणि नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बनवणारं डीकेएमएस हे सगळं सोबत लागतं. पेनड्राइव्हवर एकेक पॅकेज आणायला गेलात तर दर वेळी काहीतरी राहून जाईल. त्यापेक्षा लॅपटॉपच खानापुरात किंवा बेळगावात, चांगली रेंज मिळेल तिथे घेऊन जा. फोन केबलने जोडून सेटिंगमध्ये ‘यूएसबी टिदरिंग’ चालू करा. लिनक्सला तो वायरचं नेटवर्क म्हणून दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

आता ‘सोर्सेस.लिस्ट’ फाइल (पॅकेजं कुठून आणायची त्याची यादी) उघडा. डेबियन १२ चा इन्स्टॉलर ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ विभाग जोडतो, पण हे पॅकेज ‘नॉन-फ्री’मध्ये आहे. बरेच जण इथेच अडकतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी ‘कॉन्ट्रिब नॉन-फ्री’ लिहा. मग अपडेट, अपग्रेड आणि रीस्टार्ट. रीस्टार्ट टाळू नका : हेडर्स नव्या कर्नलचे येतील आणि चालू कर्नल जुना राहिला तर ड्रायव्हर त्याच्यासाठी बनणारच नाही. त्यानंतर :

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस

‘हेडर्स-एएमडी६४’ हेच नाव घाला, आवृत्तीचा आकडा असलेलं नको. मग पुढच्या कर्नल अपडेटबरोबर हेडर्सही येतात आणि ड्रायव्हर आपोआप पुन्हा बनतो. शेवटी पुन्हा रीस्टार्ट करा.

तरीही ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ला (मॉडप्रोब म्हणजे ड्रायव्हर चढवणारी कमांड) ‘की रिजेक्टेड’ असा नकार आला तर सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय, चालू आहे. बायोसमध्ये तो बंद करा. बंद करायचा नसेल तर ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ने डीकेएमएसची ‘मोक.पब’ चावी नोंदवा. पुढच्या बूटला निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मोक’ निवडून चावी नोंदवताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा.

प्रश्न : राउटरच्या शेजारी बसलं तरच नेट चालतं, दुसऱ्या खोलीत गेलं की गायब. त्याच खोलीत मोबाईलला पूर्ण रेंज असते. कार्ड रिअलटेक आरटीएल८७२३बीई.
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : राउटर बदलू नका, पैसे वाया जातील. या कार्डावर अँटेनाच्या दोन जागा असतात. काही लॅपटॉपांत कंपनी एकच वायर जोडते आणि ड्रायव्हर नेमका रिकाम्या जागेवर सिग्नल शोधत बसतो. आधी तात्पुरतं करून बघा :

सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२

फरक नसेल तर २ च्या जागी १. अँटेना बरोबर लागली की ‘आयडब्ल्यू डेव्ह’ कमांडच्या ‘लिंक’मध्ये उणे ८० च्या घरातला सिग्नल उणे ५० च्या आसपास येतो. जो आकडा चालेल तो ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरमध्ये ‘.कॉन्फ’ फाइल करून तिच्यात लिहा : ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी_एसईएल=२.

प्रश्न : इंटेल कार्ड आहे, नेट चालतं, पण ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘आयडब्ल्यूएलवायफाय… फेल्ड विथ एरर -२’ अशा लाल ओळी येतात. कार्ड खराब होतंय का?
— टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. -२ म्हणजे फाइल सापडली नाही. ड्रायव्हर सगळ्यात नव्या फर्मवेअरपासून विचारत खाली येतो, मिळालं की थांबतो. त्याच ओळींखाली ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ दिसत असेल तर काहीही करू नका. ‘नो सुटेबल फर्मवेअर’ दिसलं तरच ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ पॅकेज टाका. उबुंटूत ते ‘लिनक्स-फर्मवेअर’मध्ये असतं.