प्रोफाइल नक्की कुठे सेव्ह होतात? नवीन थ्रीडी प्रिंटरवाल्यांसाठी

मित्रा, आधी एक कर, प्रोग्राम फाइल्समध्ये शोधणं बंद कर. तिथे फक्त सॉफ्टवेअर असतं, तू बनवलेलं काहीच नसतं. तुझे प्रोफाइल, म्हणजे तू जुळवून सेव्ह केलेल्या प्रिंटच्या सेटिंग, सी ड्राइव्ह, युजर्स, तुझं नाव, अ‍ॅपडेटा, रोमिंग इथे असतात आणि अ‍ॅपडेटा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं म्हणून दिसत नाही. तुझा स्लायसर (थ्रीडी मॉडेल प्रिंटरसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) क्युरा असो की प्रुसास्लायसर, हेल्प मेनूत ‘शो कॉन्फिगरेशन फोल्डर’ दाब, थेट तिथेच पोचशील.

प्रुसास्लायसरमध्ये तुला प्रिंट, फिलामेंट (प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार), प्रिंटर असे फोल्डर दिसतील, आत प्रत्येक प्रोफाइलची एक आयएनआय फाइल (साधी मजकुराची फाइल), नोटपॅडमध्ये उघडून बघ, तू सेट केलेलं नोझलचं (प्लास्टिक वितळून बाहेर पडतं ते तोंड) टेंपरेचर तिथे साधं लिहिलेलं सापडेल. क्युरात व्हर्जनप्रमाणे वेगळा फोल्डर असतो.

सुरुवातीला एवढं सांभाळ:
- फॉरमॅट मारण्याआधी हा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घे. मी फक्त डॉक्युमेंट्स कॉपी केलं होतं, पीईटीजीची (एक प्रकारचं फिलामेंट) महिनाभर जुळवलेली सेटिंग गेली, अजून हळहळ वाटते.
- कॉपी करताना स्लायसर बंद ठेव.
- एसटीएल या मॉडेलच्या फाइलमध्ये फक्त आकार असतो, सेटिंग नसतात. चांगली प्रिंट आली की प्रोजेक्ट थ्रीएमएफ या फाइल प्रकारात सेव्ह कर, त्यात दोन्ही राहतं.

आयएनआय फाइली हाताने बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नकोस. आधी बॅकअप घे, आजच.