झेडपीच्या शिक्षकांना कामाच्या मानानं पगार जास्तच मिळतो, असं नाही का वाटत?

तुमच्या प्रश्नातला 'जास्तच' बघून उत्तर आधीच ठरवून विचारलंय असं दिसतंय, असो. मी स्वतः अक्कलकोट तालुक्यात झेडपीच्या शाळेवर आहे, तेव्हा एकतर्फी वाटलं तर वाटू द्या.

कायम झालेल्या शिक्षकाला पगार चांगलाय, खोटं कशाला बोलू. सातव्या वेतन आयोगात प्राथमिकचं बेसिक 29,200 पासून सुरू, वर महागाई भत्ता, घरभाडं. आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका नाहीतर यंत्रमागावरची माणसं दिवसभर राबून काय घरी नेतात ते बघितलं की पगाराचं रडगाणं गायला जीभ रेटत नाही.

पण हे सगळं कायम झाल्यावर हं. मी 2009 ला लागले तेव्हा शिक्षणसेवक म्हणून महिना 3,000, ते पण तीन वर्षं, खोलीभाडं आणि एसटीतच निम्मे जायचे, मग वडील पैसे पाठवायचे, म्हणजे नोकरी लागलेल्या पोरीला घरून खर्ची! जानेवारी 2023 पासून ते 16,000 झालेत, पण वर्ग तर कायमवाल्याएवढाच सांभाळायचा ना. आमच्याकडं पहिलीला येणारी निम्मी पोरं घरात कन्नड बोलतात, त्यांना मराठी वाचायला लावायचं, वर पोषण आहाराचा हिशोब, मतदारयाद्यांचं बीएलओचं काम आणि रात्री ग्रुपवर 'माहिती तात्काळ भरा'. आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यासाठी मार्च 2023 ला संपावर गेलो तर 'यांना अजून काय पाहिजे' म्हणणारे आमच्याच भावकीत निघाले.

एवढं असूनही मी सुखी आहे, कारण धाकटा भाऊ. एमएस्सी बीएड, नववी-दहावीला गणित शिकवतो, शाळा विनाअनुदानित. पहिली काही वर्षं एक रुपया नाही, मग सरकारनं 20 टक्के अनुदान दिलं म्हणजे पगार पण पाचातला एक हिस्सा, आता कुठं 60 वर आलाय. तास पूर्ण, पेपर तपासणी पूर्ण, निकाल कमी लागला की बोलणी पण पूर्ण. रविवारी मित्राच्या चादरीच्या दुकानात बसायचा, विद्यार्थ्यांचे आईबाप आले की आत गोडाऊनमध्ये जायचा.

त्याच्यासाठी स्थळ बघायला बार्शीला गेलो होतो. चहा यायच्या आधीच मुलीच्या वडिलांनी विचारलं, "सर किती टक्क्यावर हायत?"


तेव्हा तो 20 वर होता. पोहे खाऊन परत आलो.