द्राक्षबागेच्या मायक्रोबायोमवर काम सुरू करायला दोन लाखांचं सीड फंडिंग पुरेल का?

तुम्ही नाशिकच्या कॉलेजात शिकवता, मोठ्या संस्था आधी प्राथमिक डेटा मागतात आणि विद्यापीठाकडून सीड फंडिंग, म्हणजे सुरुवातीचं छोटं अनुदान, फार तर दोन लाख मिळेल, एवढ्यात काय होणार, असं विचारलंय.

होतं. पण त्यात सगळ्या नाशिकच्या बागांचा मायक्रोबायोम, म्हणजे तिथल्या सूक्ष्मजीवांचा अख्खा समूह, बसत नाही, एकच प्रश्न बसतो.

मीही इथेच सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पहिल्या छोट्या अनुदानात आम्ही दिंडोरीजवळच्या एका बागेतली माती आणि पानं, दोन्ही घेतली. त्यात कोणते बॅक्टेरिया आहेत ते ओळखायला डीएनएचं सिक्वेन्सिंग, म्हणजे त्यातल्या अक्षरांचा क्रम वाचणं, बाहेरून करून आणलं. पानांचा रिपोर्ट उघडला तर बहुतेक रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) द्राक्षाच्याच हरितलवकांचे! हरितलवक मुळात सायनोबॅक्टेरियांपासून आलेलं, त्यामुळे बॅक्टेरिया ओळखायला वापरतात ते १६एस जनुक त्यातही असतं आणि ते जनुक पकडणारे आपले प्रायमर, म्हणजे डीएनएचे छोटे तुकडे, तेही उचलतात. हरितलवकाच्या जनुकाला चिकटून त्याच्या प्रती होऊ न देणारा पीएनए क्लॅम्प वापरून ते अडवता येतं, पण आम्ही तेवढं वाचलंच नव्हतं. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. मात्र पुढच्या प्रस्तावात हीच चूक आणि तिच्यावरचा उपाय लिहिला, आणि मुलाखतीत समितीने सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारलं. सीड फंडिंग यासाठीच असतं. साठ लाखांच्या प्रकल्पात हे घडलं असतं तर सावरता आलं नसतं.

तुमच्या जागी मी पानं सोडून माती घेईन आणि प्रश्न बोर्डोचा, म्हणजे द्राक्षावर बुरशीसाठी फवारतात त्या मिश्रणाचा, घेईन. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात किलोभर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि किलोभर चुना. त्यातलं तांबं कुजत नाही, वर्षानुवर्षं मातीत साठतं. एकाच शेतकऱ्याची पंधरा वर्षांची बाग आणि बांधापलीकडचं कधीच द्राक्ष न लावलेलं रान, यांतल्या बॅक्टेरियांत फरक आहे का? दोन्हीकडून सहा-सहा नमुने घ्या आणि ते एकत्र कालवू नका, नाहीतर बागेतल्या बागेत किती फरक आहे ते कळणारच नाही. माती न घालता नुसत्या डीएनए काढायच्या किटचा एक कोरा नमुनाही सोबत चालवा, म्हणजे किटमधूनच आलेले बॅक्टेरिया ओळखता येतील. मातीतली ह्युमिक आम्लं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवायची पद्धत) अडवतात, तेव्हा डीएनए दहापट विरळ करून बघा. शिवाय मोरचूद घातलेल्या साध्या अगार प्लेटवर तांबं सोसणाऱ्या वसाहती मोजा. हे काम तुमच्या एम.एस्सी.च्या मुलांना कॉलेजातच जमेल, आणि सिक्वेन्सिंगच्या आकड्यांना त्याचा मोठा आधार मिळतो.

प्रस्तावात मायक्रोबायोमचं महत्त्व सांगणारं पानभर लिहू नका. फरक दिसलाच नाही तर काय कराल, ते लिहा. पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातलं कुणी मार्गदर्शक म्हणून मिळालं तर फार बरं. डेटा हाती आला की संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या एएनआरएफ या संस्थेकडे जा. २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संस्थेने आधीच्या एसईआरबी या मंडळाची जागा घेतली. तिच्या पंतप्रधान अर्ली करिअर योजनेत तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत मिळू शकतात.

आणि मंजुरीपत्राची वाट बघत बसू नका. ते नोव्हेंबरात आलं तर गोडी छाटणी (फळासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) होऊन फवारण्या सुरू झालेल्या असतात. छाटणीआधीच माती आणून उणे वीस अंश सेल्सिअसला ठेवा, फ्रीजरला इन्व्हर्टर आहे ना बघा. निर्यातीच्या बागायतदारांकडे फवारणीची नोंदवही असते, तिचे फोटो त्याच दिवशी मागून घ्या. आमच्या बागेच्या मालक दादांनी चहा पिता पिता चार वर्षांच्या वह्या काढून दिल्या होत्या.