सॅक्सन-डेन कादंबऱ्या वाचायला घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

नवव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या सॅक्सन आणि त्यांच्यावर चालून आलेल्या डेन (व्हायकिंग) लोकांवरची कादंबरी दोनदा हातात घेतलीस आणि दोन्ही वेळा पन्नासेक पानांवर सोडलीस, असं कळवलंस. अडचण नावांची आहे, तुझी नाही. वेसेक्स या सॅक्सन राज्याचा राजा ॲथेलवुल्फ. त्याच्यामागे ॲथेलबाल्ड, ॲथेलबर्ट, ॲथेलरेड हे मुलगे ओळीने गादीवर आले आणि शेवटी धाकटा आल्फ्रेड. 'ॲथेल' म्हणजे कुलीन. तो भाग नजरेआड कर आणि नावाचं शेपूट धर: वुल्फ, बाल्ड, बर्ट, रेड. एका कोऱ्या कागदावर तेव्हाच्या चार राज्यांचे चार रकाने आख: वेसेक्स, मर्सिया, नॉर्थम्ब्रिया, ईस्ट अँग्लिया. नवा माणूस आला की त्याच्या राज्याखाली लिही आणि तो कोणाच्या पदरी आहे तेही शेजारी टाक. डेन सरदार मात्र कागदाच्या पाठीमागे लिही. ते आज या राज्यात, उद्या त्या राज्यात असतात. रकान्यात घातलेस की खाडाखोडच होईल.

नकाशा जवळ हवाच. कादंबरीकार बहुधा जुनी गावनावं वापरतात. यॉर्क शहर सॅक्सनांचं इओफरविक आणि डेनांचं योरविक. व्हिटबी, ग्रिम्सबी, स्कनथॉर्प अशी 'बी' आणि 'थॉर्प'वर संपणारी गावं बहुतेक डेन वस्तीची. आपल्याकडे गावाच्या नावातली 'वाडी' काही सांगून जाते, तसंच हे.

सनावळीची घोकंपट्टी नको. ८६५ साली डेनांचं मोठं सैन्य ईस्ट अँग्लियात उतरलं, तिथे घोडे मिळवले आणि पुढच्या वर्षी यॉर्क घेतलं. ८७१ मध्ये आल्फ्रेड राजा झाला. एवढ्यावर सुरुवात होते. खरा मुक्काम करायचा तो ८७८ वर.

त्या जानेवारीत, नाताळचा सण नुकताच उरकलेला असताना, डेनांचा राजा गथरम याने वेसेक्समधलं चिपनहॅम बळकावलं आणि आल्फ्रेड सॉमरसेटच्या दलदलीत गेला. ईस्टरच्या सुमारास त्याने ॲथेल्नी इथे छोटी गढी बांधली. ईस्टरनंतरच्या सातव्या आठवड्यात तो 'एग्बर्टचा दगड' नावाच्या जागी पोचला. सॉमरसेट, विल्टशायर आणि हॅम्पशायरच्या काही भागातले लोक तिथे त्याला येऊन मिळाले. दुसऱ्या दिवशी पुढचा मुक्काम, तिसऱ्या दिवशी एडिंग्टनची लढाई. मग आल्फ्रेडने डेनांना चौदा दिवस घातलेला वेढा, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी गथरम तीस निवडक माणसांनिशी बाप्तिस्म्याला हजर.

'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या जुन्या वर्षवार बखरीत ही नोंद मोजक्या ओळींची आहे. दलदलीतून निरोप कोणी नेले, गावोगावचे लोक नेमक्या दिवशी कसे जमले, हे तिथे नाही. कादंबरीकाराचं काम तिथून सुरू होतं. म्हणून आधी ते प्रकरण वाच, मग ती नोंद. तिचे आजच्या इंग्रजीत पूर्वी झालेले अनुवाद मोफत मिळतात. लेखकाने काय रचलं ते तुझं तुला दिसेल, आणि वाचनाची गोडी मला तरी तिथेच सर्वांत जास्त वाटते.

तलवारींच्या वर्णनांपेक्षा तटबंदीकडे लक्ष दे. आल्फ्रेडने राज्यभर 'बुर्ह' म्हणजे तटबंदीची ठाणी उभारली. त्याच्या मुलाच्या, एडवर्डच्या, काळातली एक यादी आहे. तिचा हिशेब असा: तटाच्या दर साडेसोळा फुटांना चार माणसं, आणि दर हाइडमागे एक माणूस. हाइड म्हणजे साधारण एका कुटुंबाचं पोट भरेल एवढी जमीन. विंचेस्टरच्या वाट्याला २,४०० हाइड. चाराने भागले की ६००, त्याला साडेसोळाने गुणले की ९,९०० फूट. विंचेस्टरच्या जुन्या रोमन तटाची लांबी जवळजवळ तेवढीच भरते! हे गणित कळलं की 'तटावर माणसं कमी पडतायत' हे वाक्य वाचताना पोटात गोळा येतो.

लेखक कच्चा आहे का, हे झटकन कळतं. शिरस्त्राणाला शिंगं असली किंवा जेवणात बटाटा आला, तर सावध हो. बटाटा अमेरिकेतून आला, तोही कित्येक शतकांनी. ढाल गोल लाकडी असे आणि मधल्या लोखंडी वाटीमागची मूठ हाताने धरत. ती पट्ट्यांनी दंडाला बांधलेली दिसली तर लेखकाने नंतरच्या सरदाराची ढाल उचलली आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. डेनांना एकसुरी राक्षस करणाऱ्या कादंबरीवर वेळ घालवू नकोस. क्रॉनिकल वेसेक्सच्या बाजूने लिहिलेलं. डेनांनी स्वतः तेव्हा लिहिलेला वृत्तान्त नाही, आणि रॅग्नर हा दंतकथेतला वीर व त्याची मुलं यांच्यावरच्या आइसलँडमधल्या सागा (गद्य वीरकथा) तेराव्या शतकाच्या आसपासच्या. आपल्या बखरी वाचताना ठेवतो तेवढंच भान इथेही ठेव.

पुढचं पुस्तक आल्फ्रेडच्या मुलीवरचं, ॲथेलफ्लॅडवरचं, शोध. मर्सिया तिने चालवला, ९१७ मध्ये डर्बी घेतलं, ९१८ मध्ये लेस्टर लढाईशिवाय तिच्या हाती आलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये टॅमवर्थला ती वारली. तिची कामगिरी मुख्यतः मर्सियाच्या वेगळ्या नोंदींत सापडते, वेसेक्सच्या क्रॉनिकलने तिला फारशी जागा दिली नाही. तिचं नाव मर्सियाच्या रकान्यात आजच लिहून ठेव.

कळावे.